जयू हारुगलेची शेवटची मॅच

"अभय साळोखे हितंच असतो काय?"

लेथ चालू होता, तरी तो आवाज मी ओळखला. मान वर केली नाही. समोर शाफ्ट फिरत होता, त्याच्याकडे बघत तसाच उभा राहिलो. शेवटी शेजारच्या गाळ्यातले बापू मिस्त्री ओरडले, "अरे अभ्या, तुझ्याकडं पाहुणं आल्यात!" तेव्हा मशीन बंद करावंच लागलं.

दारात जयू हारुगले उभा होता. त्याच्या मागे हातात पिशवी घेतलेली त्याची थोरली बहीण, वंदनाताई.

दोन वर्षं मी त्याला बघितलं नव्हतं. खरं सांगायचं तर बघायचं टाळलं होतं. त्यांच्या गल्लीवरून जाणारा जवळचा रस्ता सोडून मी लांबच्या वाटेनं उद्यमनगरात कामाला यायचो. जयू फार वाळला होता. उजव्या कानाच्या वर केसांत बोटभर रुंदीची पांढरी वाट पडली होती, तिथं केस उगवत नव्हते. चालताना डावा पाय थोडा मागे राहत होता. हसला मात्र पूर्वीसारखाच, एका गालानं.

"काय लेका, वळखलास न्हाई काय?"

"वळखलं की. ये, बस."

वंदनाताई स्टुलावर बसल्या. मी विचारायच्या आधीच म्हणाल्या, "एकट्याला सोडता येत न्हाई. फिट येती मधूनच."

जयू बसला नाही. "काम हाय तुझ्याकडं. स्टेडियमवर येतोस काय माझ्यासंगं? अर्धा तास."

"आत्ता?"

"आत्ताच. चार वाजल्यात. मॅच बी चारलाच हुती म्हणं."

मी वंदनाताईंकडे पाहिलं. त्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होत्या. "मी नको म्हणून सांगितलं त्याला. ऐकत न्हाई. त्या दिवसाचं त्याला काय बी आठवत न्हाई. सकाळी बुटाच्या नाड्या धुऊन वाळत घातलेल्या आठवत्यात. त्याच्या पुढं एकदम दवाखान्यातला पंखा."

"मधलं सगळं लोकांनी सांगितल्यालं," जयू म्हणाला. "एकाचं एक, दुसऱ्याचं दुसरंच. आता तुझ्याकडं आलोय. माझ्या जवळ तूच हुतास."

ही अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. मी चोवीस वर्षांचा होतो.

कोल्हापुरात तालमी निघाल्या कुस्तीसाठी, आणि पुढं त्याच तालमींचे फुटबॉलचे संघ झाले. माणूस कुठल्या गल्लीत जन्मला यावर त्यानं कुठल्या रंगाची जर्सी घालायची ते ठरतं. मी पिंपळपार तालमीचा गोलकीपर. जयू वेस गल्ली मंडळाचा सेंटर फॉरवर्ड. दोन्ही संघांचं हाडवैर. आम्ही दोघं मात्र एका शाळेतले, एका बाकावरचे. शाळा सुटल्यावर मी भिंतीपुढं उभा राहायचो आणि तो अंधार पडेपर्यंत बॉल मारायचा. मला गोलकीपर कुणी केलं असं विचारलं, तर जयूनं केलं. राज्याच्या संघासाठी शिबिराची यादी लागली तेव्हा तिच्यात आमच्या शहरातली दोनच नावं होती. साळोखे आणि हारुगले. दोघांनी एकाच गाडीनं पुण्याला जायचं ठरलं होतं.

शिबिराच्या आधी, शहाण्णव साली, हंगामाची फायनल होती. आमची आणि वेस गल्लीची. एकाहत्तराव्या मिनिटापर्यंत गोल नव्हता. मग डावीकडून कॉर्नर आला, उंच. बॉल मुठीनं उडवायला मी जागा सोडून पुढं झेपावलो, गुडघा वर घेऊन. गोलकीपरला तसंच शिकवलेलं असतं. जयू समोरून उडाला. त्याच्या डोक्याची उजवी बाजू माझ्या गुडघ्यावर आली.

आवाज झाला. त्याचं वर्णन मी करणार नाही.

जयू खाली पडला तो उठलाच नाही. त्याचे पाय झटके देत होते. सगळे त्याच्याभोवती धावले. मी बॉल उचलून ट्रॅककडे भिरकावून दिला, खेळ थांबावा म्हणून. तेवढ्या गोंधळातही लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी पेपरात तेच आलं, जखमी प्रतिस्पर्ध्यासाठी बॉल बाहेर टाकणारा गोलकीपर. जयूला नेल्यावर वीस मिनिटांनी मॅच पुन्हा सुरू झाली, टायब्रेकरला गेली, मी दोन फटके अडवले आणि आम्ही कप जिंकला. खिलाडूवृत्तीची ढाल मला मिळाली. त्या वेळी जयूच्या डोक्यातली रक्ताची गाठ काढायचं ऑपरेशन चालू होतं.

पुण्याच्या शिबिराला मी एकटाच गेलो आणि नवव्या दिवशी परत आलो. उंच बॉल आला की माझे पाय हलत नव्हते. दोन खांबांच्या मधली रेषा सोडून पुढं जाणं मला जमेना. तिथले कोच म्हणाले, "साळोखे, तुला काय जमिनीत पुरलंय का?" गावात परतल्यावरही तेच. पुढच्या हंगामात मी दुसरा गोलकीपर झालो, त्याच्या पुढच्या हंगामात तिसरा. आमच्या तालमीचे नाना बेलेकर, ज्यांनी मला लहानाचा मोठा केला, ते सगळ्यांना सांगायचे, "पोराच्या मनाला लागलंय. पुन्यांदा कुणाला इजा हुईल म्हणून भितंय." सगळ्यांना ते पटलं. मीही ते तसंच राहू दिलं.

त्या दोघांबरोबर मी स्टेडियमवर गेलो. हंगाम संपला होता. तिथं चिटपाखरू नव्हतं. जाळ्या काढून ठेवलेल्या, गवत वाळून पिवळं पडलेलं. पूर्वेकडच्या गोलासमोर आलो तसा जयू थांबला.

"हाच न्हवं?"

"हाच."

"कॉर्नर कुणी घेतला?"

"तुमच्या गण्या शिंद्यानं."

"ताई, तू तिकडं झेंड्याजवळ हो. तू गण्या." वंदनाताई पिशवी घेऊन मुकाट्यानं कोपऱ्यात जाऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या डोक्यावरचा पदर वाऱ्यानं सारखा घसरत होता. जयूनं मला माझ्या जागेवर उभं केलं. "मी कुठनं आलो?"

मी दाखवलं. तो तिथं गेला आणि तिथून पावलं मोजत माझ्याकडं आला. सात पावलं.

"आता गुडघा वर घे."

"जयू, नको."

"घे की गा. मला बघू दे."

मी गुडघा वर घेतला. तो वाकला आणि ती पांढरी वाट त्यानं अलगद माझ्या गुडघ्याला टेकवली. "हितं?"

"हितं."

थोडा वेळ तो तसाच राहिला. त्याचा श्वास मला मांडीवर लागत होता. मग तो गोलरेषेवर जाऊन बसला, आणि मला शेजारी बसायची खूण केली.

"आता मुद्द्याचं इचारतो. बॉल कुठं गेला?"

मी हाताशी आलेलं वाळकं गवत उपटू लागलो.

"सगळ्यांस्नी इचारून झालं. सगळी म्हणत्यात, आम्ही तुझ्याकडं बघत हुतो. रेफ्री माझ्याकडं बघत हुता, लाइनमन पळत हुता. बॉलकडं कोण बघतंय? तू बघिटलं असशील. गोलकीपर बॉल सोडत न्हाई." तो दगडाचा खडा उचलून तळहातावर फिरवत होता. "अभ्या, मला एकच दिसतंय. रोज दिसतंय. मी आडवा पडलोय, गाल गवतावर हाय, आणि बॉल रेषेच्या आत हाय. काठावर न्हवं, चांगला हातभर आत. आणि तुझा हात येतोय."

कोपऱ्यातून वंदनाताई जवळ आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "डॉक्टरांनी सांगितलंय, अशा दुखण्यात डोकं आपल्या मनानं गोष्टी रचतंय. ती आठवण न्हवं, भास हाय."

"तेच इचारायलोय त्याला," जयू म्हणाला. "गोल झाला काय न्हाई झाला, त्याचं काय न्हाई. कप कुणाकडं का असंना. पण त्या सगळ्या दिवसातनं माझ्याकडं एवढंच उरलंय. ते खरं असंल तर माझं डोकं शाबूत हाय. भास असंल तर तसं सांग. म्हंजी मी त्याचा नाद सोडतो."

मी समोर बघत होतो. रिकाम्या गॅलऱ्या. गोलामागची पहिली पायरी, जिथं त्या दिवशी आमच्या तालमीची माणसं बसली होती.

"भास असंल," मी म्हणालो.

"असंल म्हंजी?"

"भासच. तुझं हेडिंग माझ्या बोटांना लागलं. बॉल उजव्या खांबावर आपटला आणि रेषेच्या अलीकडं पडला. मी उचलला आणि बाहेर टाकला."

"खांबावर?"

"खांबावर. खालच्या बाजूला."

जयूनं वळून उजवा खांब बघितला. खालपासून वरपर्यंत. मग हातातला खडा टाकून दिला.

"म्हंजी डोकंच खोटं बोलतंय," तो हळूच म्हणाला. आणि माझ्या पाठीवर थाप मारली. "बरं झालं. एकदाचं कळलं."

तीन महिन्यांनी वंदनाताई एकट्या कारखान्यावर आल्या. आत आल्या नाहीत. रस्त्याच्या पलीकडे झाडाखाली उभ्या राहिल्या. मी हात पुसत गेलो.

"जयूला काय झालं काय?"

"तसं काय न्हाई. फिटा कमी हैत." त्यांनी पदर सावरला. "खरं आता तो सगळंच इचारतोय. सकाळी उठला की इचारतो, आई गेली ते खरं न्हवं? आई त्याच्या आजारपणात गेली, त्यानं स्वतः पाणी दिलं. तरी इचारतोय. शाळा कुठली हुती? आपण पन्हाळ्याला गेलतो ते खरं काय? परवा म्हणाला, ताई, मी खरंच खेळत हुतो काय गं? फोटो दाखवला तर गप बसला. संध्याकाळी पुन्यांदा तेच. म्हणतोय, माझं डोकं खोटं बोलतंय, तू सांगशील तेच खरं."

"आधी असं नव्हतं?"

"न्हाई. स्टेडियमवर जाऊन आल्यापास्नं." त्यांनी माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत संशय नव्हता. असता तर बरं झालं असतं. "तुम्ही अधनंमधनं येत जावा. तुमच्यावर विश्वास हाय त्याचा."

त्या गेल्या. मी आत जाऊन लेथ चालू केला आणि त्या दिवशी एकामागून एक तीन शाफ्ट वाया घालवले.

बॉल आत होता.

जयूचं हेडिंग माझ्या मुठीला लागलंच नव्हतं. ते माझ्या डोक्यावरून गेलं, एक टप्पा पडला आणि बॉल रेषा ओलांडून आत थांबला. काठावर नाही, चांगला हातभर आत. जाळीपर्यंत गेलाही नाही. माझा गुडघा जयूला लागला तेव्हाच मला कळलं होतं की काहीतरी भयंकर झालंय. त्याचे पाय झटके देताना मी पाहिले. आणि तरीही मी आधी त्याच्याकडे गेलो नाही. बॉलकडे गेलो. हात लांब करून बॉल रेषेच्या बाहेर ओढला, उठलो आणि तो ट्रॅककडे भिरकावला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्या त्याला. त्या वेळी जयूचे डोळे उघडे होते. ते मला तेव्हाही माहीत होतं. बेशुद्ध माणसाला काय दिसणार, असं मी दोन वर्षं स्वतःला सांगत होतो.

आणि उंच बॉल आला की माझे पाय का हलत नव्हते? कुणाला इजा होईल म्हणून नव्हे. पुढं झेपावलो की मागची रेषा मोकळी पडते. त्या रेषेकडं मला पाठ करवत नव्हती.

त्याच रविवारी सकाळी मी जयूच्या घरी गेलो. तो सोप्यात चटईवर बसून शेंगा फोडत होता. मी समोर बसलो आणि सगळं सांगितलं. बॉल कुठून गेला, कुठं थांबला, मी काय केलं. काही लपवलं नाही. आधी त्याच्याकडं न जाता बॉलकडं गेलो, तेही सांगितलं.

जयू शेंगा फोडायचा थांबला होता. पूर्ण ऐकून घेतलं त्यानं. मग त्याच्या तोंडावर ते एका गालाचं हसू आलं.

"ताईनं पाठवलं तुला?"

"नाही! शपथ घेतो, जयू. आईची शपथ."

"ती तुझ्याकडं गेलती, मला कळलंय. रडली असंल." त्यानं माझ्या हातात चार शेंगदाणे ठेवले. "माझी समजूत काढायला आलास. बरं वाटलं. पण आता नको. खांबावर लागला, अलीकडं पडला. तूच सांगितलास, तिथं बसून, जागेवर. तवा तुला खोटं बोलायचं काय कारण हुतं?"

कारण होतं. ते मी सांगितलं. ढाल, पेपर, तालीम, माझी भीती. तो मान डोलवत राहिला, लहान पोराचं ऐकावं तसा. "लई चांगला हैस अभ्या," म्हणाला.

वंदनाताई दाराच्या आतल्या बाजूला उभ्या होत्या. मी निघालो तशा मागोमाग गल्लीत आल्या.

"खरं हुतं न्हवं ते?"

"होय."

त्यांनी मला मारलं असतं तरी चाललं असतं. त्या भिंतीला टेकल्या. मग म्हणाल्या, "तुमच्या एकट्याच्या सांगण्यानं आता त्याला पटायचं न्हाई. दुसरं कुणी बघिटलं असंल की? गोलामागं तुमचीच माणसं बसलीती. एकाला तरी घेऊन या. एकच."

मी नाना बेलेकरांकडे गेलो. त्या दिवशी गोलामागच्या पहिल्या पायरीवर नानाच बसले होते. तालमीच्या दारात खुर्ची टाकून ते पेपर वाचत होते. मी सांगायला सुरुवात केली, तसा त्यांनी हात वर केला.

"मला काय सांगतोस? माझ्या डोळ्यांपुढं झालं ते."

"नाना, मग तुम्ही..."

"मी एकटा न्हवं. तिथं बसल्याली तीस-चाळीस माणसं हुती. सगळ्यांनी बघिटलंय." त्यांनी पेपराची घडी घातली. "रेफ्रीनं शिट्टी मारली न्हाई. विषय संपला. त्या पोराचं वाईट झालं, मी दोनदा दवाखान्यात जाऊन आलोय. खरं कप तालमीचा हाय, अभ्या. त्यावर तुझं एकट्याचं नाव न्हाई."

"कप राहू दे. फक्त त्याच्या घरी चला. त्याला एकट्याला सांगा. बाहेर कुणाला कळणार नाही."

"आणि त्यानं चारचौघांत सांगितलं म्हंजी?" नाना माझ्याकडं बघत नव्हते. "जा घरी. हळूहळू इसरशील."

मी आणखी सहा जणांकडे गेलो. एकानं दार लावून घेतलं. एकजण म्हणाला, मी त्या दिवशी आलोच नव्हतो. तो माझ्या शेजारी उभा राहून कपाबरोबर फोटो काढून घेणारा माणूस होता. तालमीत मग मला कोणी बोलवेना. ढाल मी तालमीच्या कपाटात नेऊन ठेवली, कुणी का म्हणून विचारलं नाही. त्यानंतर मी खेळलो नाही.

जयूकडे मात्र जात राहिलो. सुरुवातीला दर रविवारी त्याला पुन्हा सांगायचो. तो ऐकून घ्यायचा आणि विषय बदलायचा. पुढं वंदनाताईंनीच सांगितलं, "आता बास करा. त्याला तरास हुतोय." वर्षं सरली. नाना वारले. त्या पायरीवर बसलेल्यांतले निम्मे गेले.

आता मी पन्नाशी ओलांडली आहे. संध्याकाळी वेस गल्लीच्या तोंडाशी चहाच्या गाड्यापाशी आम्ही बसतो. जयूचं डोकं आता बरंच स्थिरावलंय. आई कधी गेली, शाळा कुठली, हे तो विचारत नाही. हंगाम सुरू झाला की गल्लीतली माणसं फुटबॉलवर बोलतात आणि कुणीतरी म्हणतंच, "जयूभाऊ, तुमची ती फायनल सांगा की."

जयू सांगतो. आता त्याला सगळं आठवतं. डावीकडून आलेला कॉर्नर, त्याची सात पावलं, उडी. "हेडिंग असं बसलं म्हणून सांगू," तो तळहात कपाळावर मारून दाखवतो. "ह्याच्या बोटांना लागलं, उजव्या खांबावर आपटलं, खालच्या अंगाला. रेषेच्या अलीकडं पडलं. मी बघिटलं की. गाल गवतावर हुता माझा, डोळं उघडं हुतं. बॉल अलीकडंच हुता."

त्याला तसंच दिसतं आता. मग तो माझ्याकडं वळतो. "काय अभ्या? असंच झालं न्हवं?"

सगळे माझ्याकडं बघतात. मी दर वेळी एकच सांगतो. "नाही. बॉल आत होता. गोल होता."

आणि सगळे हसतात. आता ते माझं ठरलेलं उत्तर आहे, त्यासाठीच ते विचारतात. सर्वांत मोठ्यानं जयू हसतो, माझ्या खांद्यावर हात टाकतो आणि त्या माणसांना सांगतो, "बघा. एवढी वर्षं झाली, अजून मला गोल द्यायला बघतंय बिचारं."